गांवची वार्ता आणि गांवची नोंद



न्हावा शेवा हें जोडनांव आज जगांतील कोणत्याहि मोठ्या बंदरांत परिचयाचें आहे. आपल्या बंदरास सरकारनें जवाहरलाल नेहरूंचें नांव दिलें. परंतु सिंगापूरचा किंवा दुबईचा माल पाठविणारा व्यापारी आपल्या कागदांवर अद्याप न्हावा शेवा असेंच लिहितो, आणि जगाच्या बंदरसूचींत ह्या बंदराची जी पांच अक्षरांची खूण आहे तीहि ह्याच दोन नांवांवरून पाडलेली आहे. २०२४-२५ ह्या एका वर्षांत वीस फुटी मापाच्या सत्तर लाखांहून अधिक पेट्यांइतका माल येथून गेला-आला. असे आकडे वर्तमानपत्रांत नेमानें येतात. एखादें प्रचंड जहाज लागलें किंवा चोरटें रक्तचंदन पकडलें गेलें, म्हणजेहि आपलें नांव छापून येतें. मात्र ह्या नांवाचीं जीं दोन गांवें, त्यांतील माणसें कोण, त्यांचें कसें चाललें आहे, त्यांना काय वाटतें, हें त्या बातम्यांत सहसा नसतें. नांव जगभर फिरतें आणि नांवाचा धनी घरीं मुका बसतो, असा हा प्रकार आहे.

महोत्सवाच्या अंकांत इतिहास लिहावयाचा म्हणजे मंदिर केव्हां बांधलें व कोण कोण धर्मगुरु होऊन गेले ह्याची यादी द्यावयाची, अशी रूढि आहे. मी येथें थोडा निराळा विषय घेतला आहे. ह्या किनाऱ्यावरच्या माणसानें आपल्या गांवची वार्ता आजवर कशी सांगितली, ती कोणीं ऐकली, आणि तींतील कोणती लिहून ठेवली गेली, हा तो विषय. ह्या इतिहासावरून माझें एक मत बनलें आहे. जें लिहून ठेवलें गेलें तें कांहीं अंशीं तरी गांवाच्या हातीं राहिलें. जें नुसतें बोललें गेलें तें ओहोटीच्या पाण्याबरोबर गेलें. हें मत खरें कीं खोटें तें आपणच ताडून पाहावें.

आपल्या भागांतील सर्वांत जुन्या वार्ता दगडावर आहेत. उरणजवळ चांजें येथें शिलाहार राजा अपरादित्य ह्याच्या काळचा, शके १०६० म्हणजे इ. स. ११३८ चा शिलालेख सांपडला आहे. त्याच घराण्यांतील सोमेश्वराच्या काळचे लेख चांजें व रानवड येथें मिळाले आहेत. असे लेख बहुधा दानाचे असतात: कोणीं दिलें, कोणास दिलें, काय दिलें. उत्तर कोंकणांतील पुष्कळ दानशिळांवर दान मोडणाऱ्यास शाप देणारें गाढवाचें चित्रहि कोरलेलें असतें. अशा दगडांस लोक गधेगाळ म्हणतात. जमिनीची वार्ता तोंडीं ठेवून भागत नाहीं, हें आठ-नऊशें वर्षांपूर्वींच्या माणसासहि कळत होतें. परंतु त्या दगडांवर राजाचें नांव आहे, दान देणाऱ्याघेणाऱ्याचें आहे. ती जमीन जो कशीत होता त्याचें नांव अशा लेखांत शोधूनहि क्वचितच सांपडतें.

कसणाऱ्याची वार्ता बांधावर होती. आपल्याकडील भातशेती ही खाऱ्या पाण्याशीं भांडून मिळविलेली शेती. खाडीस बांध घालावयाचा, उघाडी बसवावयाची, आंतील खार पावसाच्या पाण्यानें गोडी करावयाची, आणि बांधाच्या दुरुस्तीचा भार ठरलेल्या रीतीनें वांटून घ्यावयाचा, अशी पेण-पनवेल भागांतील शिलोत्री वहिवाट होती. बांधास एके ठिकाणीं भोंक पडलें तर एकट्याचें शेत बुडत नाहीं. साऱ्या खाराचें भात जातें, आणि खारें पाणी एकदां मुरलें म्हणजे पुढचीं पिकेंहि हातचीं जातात. म्हणून उधाणाच्या रात्रीं बांध फुटल्याची हांक ही ह्या किनाऱ्यावरची सर्वांत निकडीची बातमी होती. ती ऐकून जो कुदळ-घमेलें घेऊन धांवला नाहीं, त्यास दुसरे दिवशीं गांवांत तोंड दाखविणें कठीण जाई. तशीच ती हांक खरी असावी लागे, कारण खोट्या हांकेवर लोक दुसऱ्यांदां येत नाहींत. वार्ता कशी असावी ह्याचा पहिला धडा आपल्या पूर्वजांनीं ह्या चिखलांत उभें राहून घेतला.

ख्रिस्ती समाजांत वार्तेचें ठिकाण म्हणजे रविवारची मिस्सा. विवाहापूर्वीं त्याची जाहीर घोषणा करावी हा नियम १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन महासभेनें सर्वत्र लावून दिला. ट्रेंटच्या महासभेनें १५६३ सालीं ती घोषणा लागोपाठ तीन सणवारीं करावी व धर्मगुरूनें विवाहाची नोंद वहींत ठेवावी असें ठरविलें. आपण ह्या घोषणेकडे नेहमींचा उपचार म्हणून पाहतों. पण तिचा अर्थ ध्यानांत घ्या. ह्या विवाहास कांहीं अडचण कोणास ठाऊक असेल तर त्यानें ती सांगावी, असें साऱ्या मंडळीस विचारलें जातें. शेतकरी असो, कोळी असो, मोलमजुरी करणारी विधवा असो, प्रत्येकाच्या माहितीस तेथें सारखेंच मोल असतें. सामान्य रहिवाशाचें म्हणणें विचारण्याची ही चाल वर्तमानपत्रें निघण्यापूर्वीं कित्येक शतकें रूढ होती. आणि जें ऐकलें तें वहींत उतरविण्याची शिस्तहि तिच्या जोडीला होती.

राज्यकर्त्यांनीं मात्र गांवास फारसें कधीं विचारलें नाहीं. करंजा बेट, म्हणजे आजचा उरणचा भाग, पोर्तुगिजांकडून मराठ्यांकडे आलें. साष्टीच्या मोहिमेबरोबर इंग्रजांनीं तें १७७४-७५ च्या सुमारास घेतलें, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें तें त्यांजकडे कायम झालें. तह दूर देशीं झाला. येथें मिठागरांत राबणाऱ्यास धनी बदलल्याची खूण पटली असेल ती पुढच्या साऱ्याच्या वेळीं.

मराठींत छापील वर्तमानपत्राचा आरंभ १८३२ सालीं बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पणा'नें झाला. मुंबईच्या कॅथॉलिकांचें 'एक्झॅमिनर' हें पत्र १८५० पासूनचें. पण तें इंग्रजी. मराठी बोलणाऱ्या कॅथॉलिकांसाठीं जर्मन जेज्वित फादर हेन्री डोरिंग ह्यांनीं १९०३ सालीं 'निरोप्या' हें मासिक काढलें; हेच फादर पुढें पुण्याचे बिशप झाले. मासिकाचें नांव किती साधें व नेमकें आहे! निरोप पोंचविणारा तो निरोप्या. त्यानें निरोपांत आपल्या पदरचें कांहीं घालावयाचें नसतें.

आपल्या जिल्ह्यांत, म्हणजे त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यांत, लेखणीचें बळ कष्टकऱ्यांस कळलें तें चरीच्या संपांत. १९३३ सालीं अलिबागजवळील चरी व आसपासच्या गांवच्या कुळांनीं नारायण नागू पाटील ह्यांच्या पुढारपणाखालीं खोतांची जमीन कसण्याचें नाकारलें. हा संप सुमारें सहा वर्षें चालला. खोताकडे हिशेबाची वही होती. कुळाकडे कांहींच नव्हतें. १९३७ सालीं ह्याच चळवळीच्या पोटीं 'कृषीवल' हें पत्र जन्मास आलें, आणि १९३९ च्या मुंबई कूळ कायद्यानें कुळाच्या हक्कास सरकारी कागदावर जागा मिळाली. इतकीं वर्षें हालअपेष्टा सोसून त्या लोकांनीं काय मिळविलें, असें कोणी विचारलें तर माझें उत्तर हेंच कीं, त्यांनीं कागदावर आपलें नांव मिळविलें.

ह्यानंतरची मोठी वार्ता १९७० सालची. त्या वर्षीं १७ मार्चला सिडको स्थापन झाली, आणि ठाणें, पनवेल व उरण तालुक्यांतील पंचाण्णव गांवांच्या जमिनींवर नवें शहर वसविण्याचें ठरलें. पुढें न्हावा शेवा येथें बंदराची योजना आली. गांवास ह्या गोष्टी नोटिशींतून कळल्या. जासईचे दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखालीं शेतकरी एक झाले. १६ जानेवारी १९८४ रोजीं जासईजवळ दास्तान फाट्यावर व दुसरे दिवशीं नवघर येथें पोलिसांनीं गोळीबार केला, आणि त्यांत पांच माणसें गेलीं.

बाहेरच्या जगानें 'पांच' हा आकडा वाचला. गांवानें नांवें लक्षांत ठेवलीं: चिर्ल्याचे नामदेव शंकर घरत, धुतूमचे रघुनाथ अर्जुन ठाकूर, आणि पागोट्याचे तिघे, महादेव हिरा पाटील, केशव महादेव पाटील व कमळाकर कृष्णा तांडेल. दरवर्षीं जानेवारींत लोक जमतात व हीं नांवें मोठ्यानें घेतात. त्यापूर्वीं चौपन्न वर्षें, २५ सप्टेंबर १९३० रोजीं, चिरनेरच्या जंगल सत्याग्रहांतहि असाच गोळीबार झाला होता. त्यांत पडलेल्या नाग्या महादू कातकऱ्याचें नांव आज शाळेंतल्या मुलांस ठाऊक आहे. ज्याच्या घरीं अक्षरओळख नव्हती, अशा माणसाचेंहि नांव गांवानें ठरविलें तर राहतें.

१९८४ च्या लढ्यांतून साडेबारा टक्क्यांचें तत्त्व निघालें. जितकी जमीन संपादन केली तिच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकास परत द्यावी, असें तें तत्त्व. बंदर २६ मे १९८९ रोजीं सुरू झालें. परंतु बंदरासाठीं ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांस ह्या भूखंडांचीं इरादापत्रें पंतप्रधानांच्या हस्तें देण्यांत आलीं तीं १६ ऑगस्ट २०१४ रोजीं. गोळीबारापासून तीस वर्षें लोटलीं होतीं; तेव्हां जो ऐन तिशींत होता तो आतां साठीस पोंचला होता, आणि कित्येक जण तें पत्र पाहावयास उरले नव्हते. तरीहि त्यांच्या वारसांस हक्क सांगतां आला. कशाच्या बळावर? सातबाऱ्यावर बापाचें नांव होतें म्हणून.

आतां कोळीवाड्याकडे पाहा. समुद्रास सातबारा नाहीं. ज्या पाण्यांत वाडवडिलांनीं डोल लावली, ज्या चिखलांत बायकांनीं निवट्या, खुबे व कालवें वेंचलीं, ज्या खाडींत जिताडा मिळे, त्या पाण्यावर कोणाचेंच नांव कोणत्या दप्तरांत चढलेलें नव्हतें. जमीन घ्यावयाची तर मोजणीदार तरी येतो. पाणी घ्यावयास कोणीच येत नाहीं. भराव पडतो, खारफुटी जाते, गाळ उपसणारीं यंत्रें चालूं लागतात, आणि जाळें रिकामें येऊं लागतें. मग न्याय मागावयास गेलेल्या कोळ्यास पहिला प्रश्न हा कीं, तूं येथें मासे मारीत होतास कशावरून?

बंदराच्या चवथ्या टर्मिनलसंबंधींच्या अर्जावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणें येथील पीठानें २७ फेब्रुवारी २०१५ रोजीं निकाल दिला. १,६३० मच्छीमार कुटुंबांस ९५ कोटि १९ लक्ष २० हजार रुपयांची भरपाई द्यावी, असा तो हुकूम होता. हिशेब केला तर दर कुटुंबामागें ५ लक्ष ८४ हजार रुपये पडतात. माझें लक्ष रकमेपेक्षां १,६३० ह्या आकड्याकडे जातें. कोणी तरी घरें मोजलीं होतीं, कुटुंबें मांडलीं होतीं. म्हणून हानीचा हिशेब करतां आला. जीं घरें त्या मोजणींत आलीं नसतीं, त्यांचें दुःख तितकेंच खरें असतें, पण त्यास आकडा मिळाला नसता.

जुन्या शेवा कोळीवाड्याची हकीगत ह्याहून बोलकी आहे. बंदरासाठीं १९८० च्या दशकांत तो उठविण्यांत आला, आणि त्यांतील २५६ कुटुंबांची वस्ती उरणजवळ बोरीपाखाडी येथें हनुमान कोळीवाडा ह्या नांवानें करण्यांत आली. नव्या घरांस वाळवी लागली. आमचें पुन्हां पुनर्वसन करा, अशी मागणी ते लोक पुढें वर्षानुवर्षें करीत राहिले. प्रसंगीं होड्या आडव्या घालून त्यांनीं जहाजांची वाटहि अडविली. वाळवीनें दार खाल्लें ही बातमी एका दिवसाची आहे. तिनें वर्षामागून वर्षें घर पोखरलें हें सरकारास पटवावयाचें तर वर्षावर्षाची नोंद लागते. जगाच्या कागदांवर शेवा हें नांव रोज चढतें. ज्यांच्या कोळीवाड्याचें तें नांव, त्यांस आपला पत्ता बदलावा लागला.

येथील एक रहिवासी म्हणून आजच्या दिवसांविषयींहि चार शब्द बोलावयाचे आहेत. २०१८ च्या फेब्रुवारींत समुद्राच्या तळावरून सुमारें साडेसात किलोमीटर केबल नेऊन घारापुरी बेटावर वीज पोंचली. १२ जानेवारी २०२४ रोजीं शिवडीहून न्हावा शेव्याकडे येणारा २१.८ किलोमीटरांचा अटल सेतु खुला झाला, आणि त्याच दिवशीं उरणपर्यंत लोकल गाडी धांवूं लागली. ह्या गोष्टींचा आनंद मानलाच पाहिजे; रात्रीं-अपरात्रीं मुंबईच्या इस्पितळांत माणूस न्यावयाचा प्रसंग ज्यांच्या घरीं आला आहे त्यांस त्याचें मोल विचारा. परंतु नव्या रेल्वेच्या स्थानकांस आमच्या गांवांचीं नांवें द्या, अशी मागणी लोकांस करावी लागली, हीहि त्याच काळची वार्ता आहे. जें नांव फलकावर नाहीं तें मुलांच्या जिभेवर फार दिवस टिकत नाहीं.

बाहेरचे लोक आपली बातमी पुरती देत नाहींत, ही तक्रार खरी आहे. पण आपण तरी आपली बातमी कशी घेतों? कोणाचें लग्न मोडलें, कोणाच्या मुलास बंदरांत कंत्राटी काम मिळालें, कोणाच्या भूखंडास काय भाव आला, हें हातांतल्या फोनवरून घटकेंत साऱ्या गांवास कळतें. उलट खाडींतले मासे कोणत्या सालापासून कमी झाले, आपल्या आळींतील शेवटचें भात कोणत्या वर्षीं कापलें, मिठागर केव्हां ओस पडलें, असें विचारा. दहा माणसें दहा सालें सांगतील. कुचाळकी व वार्ता ह्यांत भेद आहे. वार्ता बांध बुजविण्यासाठीं असते. कुचाळकीनें बांध फुटतो.

वसईच्या आपल्या बांधवांचें उदाहरण घेण्याजोगें आहे. त्यांचें 'सुवार्ता' मासिक १९५५ सालीं निघालें, आणि १९८३ पासून २००७ पर्यंत फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे संपादक होते. सिडकोची दृष्टि १९९० सालीं वसईकडेहि वळली. तेव्हां हरित वसईच्या चळवळींत फादर पुढें झाले. तेथील पाणी, वाड्या व बागाईत ह्यांची बाजू त्यांनीं बोलून व लिहून मांडली. ह्याच धर्मगुरूस २०२० सालीं उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद मिळालें. २०२४ सालीं ते निवर्तले. त्यांच्यासारखी लेखणी प्रत्येक गांवास मिळत नाहीं. पण वही कोणत्याहि गांवास ठेवतां येते.

कोणी म्हणेल, 'फादर, हें जुनें उकरून काय हातीं लागणार? जमिनी गेल्या, पैसे आले व खर्चहि झाले, मुलें कामास लागलीं. आतां सुखानें राहूं द्या.' हें म्हणणें मी हलकें समजत नाहीं. जुना राग मुलांच्या ओटींत घालणें बरें नव्हे. तथापि नोंद म्हणजे राग नव्हे. जेथें नोंद नसते तेथेंच राग मुरतो, कारण तेथें प्रत्येकाची हकीगत निराळी असते आणि ती तपासावयाचें साधन नसतें. भूखंडांच्या वांटणीवरून भावाभावांत, भावाबहिणींत आलेलें वितुष्ट आपण पाहिलें आहे. वडिलांनीं काय ठरविलें होतें तें चार ओळींत लिहिलेलें असतें, तर त्यांतील पुष्कळ घरें आज नाताळास एकत्र जेवलीं असतीं.

म्हणून माझी सूचना अशी आहे. बाप्तिस्मा, विवाह व मृत्यु ह्यांच्या वह्या आपल्या मंदिरांत आहेतच. त्या ठेवण्याचा धर्मसभेचा दंडकच आहे. त्यांच्या शेजारीं आणखी एक वही असावी, ती गांवची वही. प्रत्येक कुटुंबानें तींत आपलें एक पान लिहावें. घराचें मूळ ठिकाण कोठें होतें. शेताचें नांव काय. होडी कोणाची व ती कोणत्या पाण्यांत जाई. जमीन केव्हां गेली व काय मिळालें. पहिली नोकरी कोणास लागली. कोण परदेशीं गेलें. शेजारच्या आगरी, कोळी, कराडी, कातकरी व मुसलमान घरांतील वडीलधाऱ्या मंडळींसहि विनंति करावी. एकाच बांधामागें राहिलेल्यांचा इतिहास वेगवेगळा कसा लिहिणार?

लिहितांना तीन नियम पाळावे. स्वतः पाहिलेलें व दुसऱ्याकडून ऐकलेलें हें वेगळें सांगावें. तारीख नक्की ठाऊक नसेल तर अमुक पूर आला तें वर्ष, अमुक मुलाचा जन्म झाला तें वर्ष, अशी खूण द्यावी. जन्माची खूण असेल तर साल बाप्तिस्म्याच्या वहीवरून मी काढून देईन. आणि ज्यानें कोणाच्या घरची अब्रू जाईल असें कांहीं लिहूं नये. तंटा असेल तर दुसऱ्या बाजूसहि तेवढीच जागा द्यावी.

वेळ थोडा आहे. १९७० सालीं जो पंचवीस वर्षांचा होता तो आतां ऐंशीच्या घरांत आहे. जुन्या शेव्याच्या वाटा ज्यांच्या पायांस ठाऊक आहेत, अशीं माणसें आपल्यांत मोजकींच उरलीं आहेत. शाळाकॉलेजांत जाणाऱ्या मुलामुलींनीं ह्या महोत्सवाच्या वर्षीं आठवड्यांतून एक संध्याकाळ आजीआजोबांजवळ बसावें, विचारावें व लिहून घ्यावें. शुद्धलेखनाची काळजी करूं नये; आगरी बोलींत सांगितलें तर आगरी बोलींतच उतरावें.

येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर ही वही आपण उघडूं. ज्यांस लिहितां येत नाहीं त्यांनीं येऊन बसावें. लिहावयास मी व दोन तरुण हजर राहूं. पहिल्या पानावर आपल्यांतील सर्वांत वृद्ध व्यक्तीचें सांगणें असावें, असें मला वाटतें. परमेश्वर आपणां सर्वांस सत्य बोलण्याचें धैर्य व दुसऱ्याचें ऐकून घेण्याची नम्रता देवो.

आपला,
प्रमुख धर्मगुरु